फुटाचा इंच : जुन्या स्वयंपाकघराची लघुप्रतिकृती कशी करावी आणि कशी शिकवावी

ज्या घरात भातुकली जपून ठेवलेली असते, त्या घरातील मंडळींना लघुप्रतिकृतींचे वेड लागायला फारसा वेळ लागत नाही. परंतु पहिली चूकही बहुधा तेथेच होते. पुण्याच्या तुळशीबागेतून आणलेली पितळी भातुकली मांडावी, तिच्याभोवती पुठ्ठ्याच्या तीन भिंती उभ्या कराव्यात आणि आजीचे स्वयंपाकघर तयार झाले असे मानावे, हा मोह स्वाभाविक आहे. मांडून झाल्यावर लक्षात येते की कळशी चुलीच्या दुप्पट आहे, लाटणे मुसळाएवढे आहे आणि वाटीत माणूस बसेल. यात भातुकलीचा काहीच दोष नाही. ती मुलांच्या बोटांच्या मापाने घडवलेली असते, आणि म्हणून तिच्यातील प्रत्येक भांडे मुलाच्या मुठीत नीट धरता येईल एवढे असते. लघुप्रतिकृतीत मात्र खोलीतील प्रत्येक वस्तू एकाच पटीने लहान व्हावी लागते. भातुकलीतील ५ सें.मी. उंचीची कळशी बारापट मोठी करून पाहिली तर ती ६० सें.मी. भरते, आणि तेवढी भरलेली कळशी कमरेवर घेऊन कोणी विहिरीवरून येऊ शकणार नाही.

बाहुलीघरांच्या जगात सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण १:१२ हे आहे, म्हणजे एका फुटाचा एक इंच. विंडसर कॅसलमध्ये असलेले राणी मेरीचे बाहुलीघर १९२१ ते १९२४ या काळात याच प्रमाणात बांधले गेले. त्याचा आराखडा करणारे वास्तुविशारद एडविन लट्यन्स त्याच वर्षांत नव्या दिल्लीच्या इमारतींवरही काम करत होते, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील सतराव्या शतकाच्या अखेरीची बाहुलीघरे तर मुलांसाठी नव्हतीच. ती श्रीमंत डच स्त्रियांनी मोठ्या खर्चाने जमवलेली संग्रहाची कपाटे होती. १:२४ किंवा १:४८ या प्रमाणांत जागा कमी लागते, परंतु नवख्या माणसाला त्यात भाकरीवरचा भाजल्याचा डाग दाखवता येत नाही आणि शिकणारा लवकर कंटाळतो. म्हणून या लेखातील सर्व मापे १:१२ची आहेत. विषय म्हणून मी वाड्यातील जुने स्वयंपाकघर घेतले आहे, कारण त्यातील वस्तू अजून घरोघरी माळ्यावर सापडतात आणि मोजता येतात.

मोजणे हेच पहिले काम

कटर किंवा माती हातात घेण्यापूर्वी एक वही, मोजपट्टी आणि मिळाल्यास व्हर्नियर कॅलिपर घ्यावा. जी वस्तू करायची आहे ती प्रत्यक्ष मोजावी, सेंटिमीटरमधील मापाला बाराने भागावे आणि उत्तर मिलिमीटरमध्ये लिहावे. ३६ सें.मी. लांबीचे लाटणे ३० मि.मी. होते, ४२ सें.मी. व्यासाचे जाते ३५ मि.मी. होते आणि २० सें.मी. व्यासाची भाकरी १७ मि.मी.ला थोडी कमी भरते. जुनी मापे फुटांत असतील तर हिशोबच करावा लागत नाही. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट, म्हणून दांडीवर वाळत घालायचे लुगडे सत्तावीस इंचांचे. इंचांतील मापांसाठी कागदाची एक पट्टी करून तिच्यावर प्रत्येक इंचाचे बारा भाग पाडावेत. त्यातील एक भाग, म्हणजे साधारण २.१ मि.मी., हा लहान जगातील एक इंच होय. ही पट्टी कामाच्या मेजावर कायमची चिकटवून ठेवावी.

वस्तू हाताशी नसेल तर आठवणीवर विसंबण्याचा मोह टाळावा. आमच्याकडचे फडताळ केवढे मोठे होते, असे सांगणाऱ्याने ते वयाच्या सातव्या वर्षी पाहिलेले असते, आणि सात वर्षांच्या मुलाला प्रत्येक फडताळ छताला टेकलेलेच दिसते. माझ्या स्वतःच्या पहिल्या कामातील फडताळ मी असेच आठवणीने केले. नंतर गावच्या घरी मूळ फडताळ मोजले तेव्हा ते माझ्या खांद्यापर्यंतच होते. पुण्यात जाणे शक्य असेल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातील भांडी, दिवे आणि अडकित्ते पाहून यावेत. तेथे मोजपट्टी लावता येणार नाही, पण वस्तूंची एकमेकींशी असलेली तुलना डोळ्यांत बसते आणि तीच पुढे कामाला येते.

मोजणीचा एक भाग बहुतेक जण विसरतात. जुन्या स्वयंपाकघरात सगळा कारभार बसून चालत असे. म्हणून तेथील कोनाडे, चुलीची उंची आणि मिठाच्या बरणीची जागा ही सगळी पाटावर बसलेल्या बाईच्या हाताशी बांधलेली असते. ओट्याच्या सवयीने आपण ती नकळत वर सरकवतो. यावर साधा उपाय असा की जाड कागदाच्या दोन आकृत्या कापून घ्याव्यात. एक पाच फूट उंचीच्या उभ्या बाईची, म्हणजे पाच इंचांची किंवा १२.७ सें.मी.ची, आणि दुसरी पाटावर बसलेल्या बाईची, जमिनीपासून डोक्यापर्यंत साधारण अडीच इंचांची. बसलेल्या आकृतीचा हात दोन इंचांपर्यंत पोहोचतो असे धरावे. प्रत्येक वस्तू चिकटवण्यापूर्वी ही आकृती तिच्यापुढे ठेवून पाहावी. रोजची पळी जर उठल्याशिवाय हाती येत नसेल, तर मापे कितीही बरोबर असली तरी ते स्वयंपाकघर कोणी वापरलेले वाटणार नाही.

खोली

पूर्ण घर करण्याचा विचार पहिल्या वर्षी तरी मनात आणू नये. १२ फूट बाय ९ फुटांची एक खोली, म्हणजे १२ इंच बाय ९ इंचांचा तळ आणि ९ इंच उंचीच्या तीन भिंती, एवढे पुरे आहे; चौथी बाजू पाहणाऱ्यासाठी उघडी राहते. भिंतींसाठी ५ मि.मी. जाडीचा सनबोर्ड, म्हणजे फेसाळ प्लास्टिकचा हलका बोर्ड, वापरावा. पुठ्ठा स्वस्त पडतो, परंतु आपल्याकडच्या पावसाळ्यात तो हमखास वाकतो, आणि कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी तर त्याच्या वाटेस जाऊच नये. सनबोर्ड कापताना एकाच दमात आरपार जाण्याचा प्रयत्न करू नये. स्टीलची पट्टी घट्ट दाबून कटरची पहिली रेघ हलकी ओढावी आणि त्याच रेघेवरून आणखी तीन-चार वेळा पाते फिरवावे. पाते बोथट झाले की लगेच तोडून नवे टोक काढावे, कारण जोर लावावा लागतो तेव्हाच हात घसरतो. सनबोर्ड पाणी शोषत नसल्याने पांढरा फेविकॉल त्यावर नीट धरत नाही. सांध्यांसाठी फेव्हिबाँडसारखा रबरी चिकटपदार्थ घ्यावा आणि तो खिडक्या उघड्या ठेवूनच वापरावा.

आता जाडीचा प्रश्न येतो, आणि वाड्याची खोली व सपाट डबा यांतील फरक येथेच ठरतो. जुन्या वाड्यांच्या भिंती दीड-दोन फूट जाड असत, म्हणून १:१२ मध्ये भिंतीची जाडी दीड ते दोन इंच दिसली पाहिजे. तेवढा भरीव बोर्ड लावण्याची गरज नाही. बाहेरची भिंत उभी करावी, तिच्या आत ३० मि.मी. अंतर सोडून दुसरी भिंत उभी करावी, आणि दोहोंच्या मध्ये बोर्डाच्या पट्ट्या आधार म्हणून बसवाव्यात. आतल्या भिंतीत कोनाडा कापला की त्याला आपोआप खोलपणा मिळतो. त्याच्या बाजू आणि तळ बोर्डाच्या तुकड्यांनी बंद कराव्यात. नऊ इंच खोल कोनाडा येथे १९ मि.मी. होतो. खिडकीच्या बाजूही अशाच जाड दिसू लागतात, आणि खिडकीतून येणारा उजेड त्या जाडीवर पडला की खोली खरी वाटू लागते.

गिलाव्यासाठी सनबोर्ड आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून घ्यावा. नंतर वॉलपुट्टी, थोडा फेविकॉल आणि कापडातून वस्त्रगाळ केलेली कोरडी माती यांचे दह्याएवढे दाट मिश्रण करून जुन्या बँक कार्डाने पसरावे. माती वस्त्रगाळ करण्याचा आग्रह उगाच धरलेला नाही: १ मि.मी.चा खडा या खोलीत १२ मि.मी.चा दिसतो, आणि मातीच्या भिंतीला खडी लावल्याचा भास होतो. जमीन सारवलेली दाखवायची असेल तर खरे शेण वापरू नये, त्याला बुरशी आणि कीड दोन्ही लागतात. त्याच मिश्रणात पिवळी माती, थोडा तपकिरी आणि किंचित हिरवा ॲक्रिलिक रंग घालावा आणि केस आखूड कापलेल्या ब्रशने दोन इंचांचे अर्धगोल मारत मागे मागे यावे. सारवणाऱ्या बाईचा हात दोन फुटांचा अर्धगोल काढतो आणि ती दाराकडे सरकत येते. तिने जेथून सुरुवात केली असती तेथूनच आपणही करावी.

चूल

चुलीसाठी हवेत वाळणारी तयार माती घ्यावी. एकवैली चुलीची, म्हणजे मुख्य तोंडाला जोडून त्याच विस्तवावर तापणारा एक वैल असलेल्या चुलीची, बाहेरची मापे मी रुंदी ३० मि.मी., खोली २५ मि.मी. आणि उंची १७ मि.मी. धरतो. आत ॲल्युमिनियमच्या पन्नीचा घट्ट दाबलेला गोळा ठेवून त्याभोवती ३ मि.मी. जाडीची माती लावावी, म्हणजे ती एकसारखी वाळते आणि भेगा कमी पडतात. पुढचे तोंड ओल्या मातीतच कापून घ्यावे, वैलाकडे जाणारे भोक जाड सुईने पाडावे आणि भांडे टेकण्याचे तीन उंचवटे मोहरीएवढ्या गोळ्यांनी करावेत. उन्हात वाळवू नये, सावलीत दोन दिवस ठेवावे; पावसाळ्यात चार दिवस लागतात. वाळताना प्रत्येक माती आक्रसते आणि किती आक्रसते हे कंपनीप्रमाणे बदलते, म्हणून नवे पाकीट उघडले की ५० मि.मी. लांबीची एक पट्टी करून वाळवावी आणि पुन्हा मोजावी. ती ४६ मि.मी. झाली असेल तर यापुढची प्रत्येक वस्तू त्या हिशोबाने मोठी करायची, म्हणजे १७ मि.मी.च्या जागी साधारण १८.५ मि.मी.

वाळलेल्या चुलीला बाहेरून गेरूचा रंग द्यावा आणि आतून काळा. तोंडावर पांढऱ्या रेघा हव्या असतील तर त्या टाचणीच्या टोकाने काढाव्यात. विस्तवासाठी लुकलुकणारा दिवा बसवण्याची पद्धत आहे, पण मला ती आवडत नाही. दिव्याच्या लुकलुकण्याकडे पाहणाऱ्याची नजर जाते आणि बाकीची खोली दिसेनाशी होते. त्यापेक्षा विझलेली चूल करावी. उदबत्तीची राख या मापाला अगदी चपखल बसते. ती मॅट व्हार्निशच्या दोन थेंबांत कालवून चुलीत पसरावी आणि खराट्याच्या हिराचे तुकडे, टोके काळी करून, सरपण म्हणून लावावेत. दीड मि.मी.चा हीर येथे पावणेदोन सें.मी. जाडीचे काटूक होतो. शेवटी कोळशाची वस्त्रगाळ पूड कोरड्या ब्रशवर घेऊन चुलीमागच्या भिंतीवर खालून वर पंख्यासारखी फिरवावी आणि वाशांजवळ अधिक गडद करावी. धूर नेहमी वर जाऊन साचतो. चुलीशेजारी काळे आणि छताशी स्वच्छ अशी भिंत मी प्रदर्शनांतून अनेकदा पाहिली आहे.

भांडी, दगड आणि वेत

येथे नजर बदलावी लागते. घरात पडलेली प्रत्येक बारीक वस्तू मोजायची आणि बाराने गुणायची सवय लागली की अर्धे साहित्य फुकट मिळते. २० मि.मी.चे लाकडी बटण हा २४ सें.मी.चा पोळपाट आहे. त्याची भोके लाकडाच्या भुशाने आणि फेविकॉलने बुजवावीत आणि खाली टूथपिकचे ३ मि.मी.चे तीन पाय लावावेत. तीच टूथपिक ३० मि.मी. कापून दोन्ही टोके ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने निमुळती केली की लाटणे होते. आइस्क्रीमच्या तीन काड्या शेजारी शेजारी चिकटवल्या की ३ सें.मी. रुंदीचा पाट होतो. खसखशीचा दाणा सुमारे १ मि.मी.चा, म्हणजे येथे १२ मि.मी.चा, म्हणून तो तांदूळ म्हणून चालत नाही, पण काबुली चणा म्हणून चालतो. तांदळासाठी बारीक रवा घ्यावा. मिरीचा दाणा हा लहान बटाटा आहे आणि बारीक साबुदाणा हे लिंबू. खरे धान्य वापरल्यास त्यावर व्हार्निशचे दोन हात द्यावेत, नाहीतर सहा महिन्यांत त्यात टोके (किडे) होतात.

तांब्या-पितळेची भांडी सुरुवातीला मातीतच करावीत. मण्यावर माती चढवून तांब्या, पेनाच्या गोल टोपणावर माती दाबून पातेले, असे साचे सुचत जातात. धातूचा भास रंगाने आणायचा असतो आणि त्याचे रहस्य काळ्या अस्तरात आहे: वस्तू पूर्ण काळी रंगवावी, वाळू द्यावी, आणि पितळी ॲक्रिलिक रंग बोटाच्या टोकावर अगदी थोडा घेऊन उंचवट्यांवरच घासावा. खोबणी काळ्या राहतात आणि भांडे वर्षानुवर्षे घासलेले दिसते. चुलीवरच्या भांड्याचा तळ मात्र पुन्हा काळा करावा.

जाते करताना ३५ मि.मी. व्यासाच्या आणि ६ मि.मी. जाडीच्या दोन चकत्या कापाव्यात, ओल्या मातीवर चुरगळलेली पन्नी दाबून दगडाचा पोत आणावा आणि वरच्या तळीला मधोमध घास टाकण्याचे तोंड व कडेला खुंट्याचे भोक पाडावे. पाटा-वरवंटा केल्यास पाट्यावर टाकीचे (छिन्नीचे) घाव सुईने टोचावेत. विळीच्या पात्याला शीतपेयाच्या डब्याचा पत्रा उत्तम, कारण तो ०.१ मि.मी. जाडीचा असतो आणि बारापट केला तर सव्वा मि.मी.च्या आसपास भरतो, म्हणजे खऱ्या पात्याएवढाच. पण त्याच्या कडा बोट कापतात, म्हणून हे काम मोठ्यांनीच करावे.

सूप विणायला बसू नये. खऱ्या सुपाची ५ मि.मी.ची पट्टी येथे ०.४ मि.मी.ची होईल आणि तशी विणता येणार नाही. जाडसर तागाचे कापड पातळ फेविकॉलमध्ये बुडवून, सुपाच्या आकाराच्या तुकड्यावर ताणून वाळवावे आणि कडेने बांबूची सळई लावावी. कापडाची वीणच वेताची वीण होते. कापडाच्या बाबतीत एरवी उलट अडचण येते: कापड लहान होते, पण त्याचे वजन आणि ताठपणा त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून दांडीवरचे लुगडे पुठ्ठ्यासारखे उभे राहते. जुने, धुऊन धुऊन विरलेले मलमल घ्यावे, पातळ फेविकॉलने ओले करावे, चुण्या टाचण्यांनी बसवाव्यात आणि वाळल्यावर टाचण्या काढाव्यात.

भाकरी

अन्नासाठी घरी शिजवलेली माती सर्वांत चांगली, कारण वाळल्यावर तिच्यातून किंचित उजेड जातो आणि भाकरी, भात, कांदा यांना नेमके तेच हवे असते. एक वाटी कॉर्नफ्लोअर, एक वाटी फेविकॉल, दोन चमचे बेबी ऑइल आणि दोन चमचे लिंबाचा रस एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळावे. मिश्रण आधी गुठळ्यांचे होते, मग कडा सोडून गोळा धरू लागते. तेव्हा लगेच उतरवावे, कारण जास्त शिजलेला गोळा तडकतो. कोमट असतानाच तेलाच्या हाताने कणकेसारखा मळून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळावा. यासाठी वापरलेले पातेले पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. ही माती तयार मातीपेक्षाही अधिक आक्रसते, म्हणून पट्टीची परीक्षा येथेही करावी. पॉलिमर क्ले, म्हणजे भट्टीत भाजून कडक होणारी प्लास्टिकची माती, वापरणाऱ्यांनी पाकिटावर दिलेले तापमान आणि वेळ काटेकोर पाळावी आणि त्यासाठी वेगळी भट्टी ठेवावी. मायक्रोवेव्हमध्ये ती भाजू नये.

पांढरी माती घेऊन तिच्यात राखाडी आणि पिवळा रंग सुईच्या टोकाने घालावा. ज्वारीची भाकरी वाटते तेवढी पांढरी नसते. शेजारी खरी भाकरी ठेवून रंग जुळवावा, आणि माती वाळल्यावर गडद होते हे लक्षात ठेवून एक छटा फिकी ठेवावी. वाटाण्याहून थोडा लहान गोळा तळहातावर चपटा करून १७ ते १८ मि.मी.ची चकती करावी, जुन्या टूथब्रशने तिच्यावर हलके टोचावे आणि कडा नखाने थोडी चिरावी, कारण थापलेल्या भाकरीची कडा कधीच गुळगुळीत नसते. अर्धवट वाळली की तिला मिरीच्या दाण्यावर ठेवून किंचित फुगवावे. डाग रंगाने काढू नयेत. कोरड्या पेस्टल खडूची तपकिरी पूड बारीक ब्रशने लावावी, फुगलेल्या भागावर जास्त आणि कडेला अगदी कमी. तीन भाकऱ्यांची चवड करताना तिन्हींचे डाग वेगवेगळे असावेत. येथे पहिल्याच दिवशी समाधान मानू नये. मी पहिल्या महिन्यात साठ-सत्तर भाकऱ्या केल्या असतील, आणि त्यातील दोनच आज कोनाड्यात आहेत.

शिकवताना

शिकवण्याचा माझा पहिला वर्ग पूर्ण फसला आणि दोष माझाच होता. चौदा जण आले होते, तीन तास होते, आणि मी त्यांना पूर्ण चूल, जाते आणि भाकरी असे सगळे शिकवायला निघालो. वेळ संपली तेव्हा प्रत्येकाच्या हातात ओल्या मातीचे तीन अर्धवट गोळे होते, जे घरी नेईपर्यंत पिशवीत एक झाले. तेव्हापासून नियम केला की पहिल्या वर्गात वाळण्याची वाट पाहावी लागेल अशी वस्तू घ्यायचीच नाही. पोळपाट, लाटणे आणि पाट या तीन वस्तू तीन तासांत होतात आणि शिकणारा त्या खिशात घालून नेऊ शकतो. भाकरीचा गोळा मी तयार करून देतो आणि ती घरी वाळवायला सांगतो. एका वेळी आठांपेक्षा अधिक माणसे घेऊ नयेत. नवव्या माणसापर्यंत पोहोचेस्तोवर पहिल्याची चूक वाळून घट्ट झालेली असते.

वर्गाची सुरुवात कटरने नव्हे, मोजणीने करावी. मेजावर खराखुरा पोळपाट आणि लाटणे ठेवावे, प्रत्येकाने ते मोजावे, बाराने भागावे आणि आकडे स्वतःच्या वहीत लिहावेत. आकडे फळ्यावर आयते देण्याचा मोह होतो, कारण अर्धा तास वाचतो. पण ज्याने स्वतः मोजले नाही तो घरी जाऊन दुसरी कोणतीही वस्तू करू शकत नाही. अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी १९४०च्या दशकात संशयास्पद मृत्यूंची दृश्ये १:१२ प्रमाणात घडवली ती पोलिसांना घटनास्थळ नीट पाहायला शिकवण्यासाठी. पोळपाट मोजणाऱ्यालाही रोज हाताळलेली वस्तू पहिल्यांदा दिसते. याला तीन पाय आहेत हे मी कधी पाहिलेच नव्हते, असे प्रत्येक वर्गात कोणी ना कोणी म्हणतेच.

तयारीचा भाग कंटाळवाणा आहे, पण वर्ग त्यावरच तरतो. प्रत्येकासाठी वेगळी डबी भरावी: बटण, चार टूथपिक, पाच काड्या, पॉलिश पेपरचे दोन तुकडे, फेविकॉलचा थेंब असलेले झाकण आणि एक काडी जास्तीची, कारण काडी तुटतेच. वस्तूचा प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे करून पट्टीवर चिकटवून ठेवावा, म्हणजे उशिरा आलेल्याला किंवा मागे पडलेल्याला विचारावे लागत नाही. एवढ्या लहान वस्तूचे प्रात्यक्षिक दुसऱ्या रांगेतून दिसत नाही, म्हणून मोबाइल स्टँडवर आडवा लावून त्याचे चित्र टीव्हीवर दाखवावे. शुल्क ठरवताना साहित्याबरोबर हे तयारीचे तासही धरावेत. तीन तासांच्या वर्गासाठी माझी तयारी सहा तासांहून कमी कधीच झालेली नाही.

मुलांचा आणि ज्येष्ठांचा वर्ग एकत्र घेऊ नये, अशी माझी पूर्वी समजूत होती. आता मी मुद्दाम आजी-नातवंडांच्या जोड्या घेतो. आजीला वस्तू माहीत असते आणि नातवाला बारीक दिसते. बारा वर्षांखालील मुलांच्या हाती कटर देऊ नये; काड्या आधीच कापून द्याव्यात आणि घासण्याचे, चिकटवण्याचे, रंगवण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. फेविक्विक वर्गात फक्त शिकवणाऱ्याच्या खिशात असावा. बोटे चिकटलीच तर ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवावीत. चाळिशी लागलेल्यांसाठी भिंगापेक्षा उजेड महत्त्वाचा आहे: लिहिणारा हात उजवा असेल तर दिवा डावीकडून यावा, आणि मेज इतके उंच असावे की दोन्ही कोपरे त्यावर टेकतील. हात थरथरतो म्हणून हे काम जमणार नाही असे सांगणाऱ्या कित्येकांचा हात कोपर टेकताच स्थिर होतो.

एक पथ्य मी स्वतः फार उशिरा शिकलो. शिकणाऱ्याची वस्तू कधीही आपल्या हातात घेऊन दुरुस्त करू नये. आपली दुसरी वस्तू घ्यावी, त्यात तीच चूक करून दाखवावी आणि ती कशी सुधारायची ते तेथे दाखवावे. वाकडे लाटणे त्याचे राहिले तर तो दुसरे करायला बसतो. आपण सरळ करून दिले तर तो ते कपाटात ठेवून देतो.

जपणूक

तयार खोली उघडी ठेवू नये. धुळीचा थर येथे बारापट जाड दिसतो, आणि फुंकर मारली तर रव्याचा भात उडून जातो. समोर ॲक्रिलिकची काच असलेली पेटी करून घ्यावी, आत एका कोपऱ्यात, फडताळामागे, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि पावसाळ्याच्या तोंडावर ती बदलावी. खोली उन्हाच्या तिरिपेत असू नये, कारण गेरू टिकतो पण कापडाचा रंग उडतो. सर्व वस्तू कायमच्या चिकटवू नयेत. भिंतीवरच्या आणि कोनाड्यातल्या तेवढ्याच चिकटवाव्यात, जमिनीवरच्या मेणाच्या ठिपक्यावर बसवाव्यात, म्हणजे मांडणी बदलता येते. पेटी बंद करण्यापूर्वी खोली उलटी करून तळाला टिकाऊ शाईने चार गोष्टी लिहाव्यात: प्रमाण, तारीख, कोणत्या मातीत काम केले, आणि कोणती वस्तू कोणाच्या घरची मोजली. माझ्या खोलीखाली जात्यापुढे मावशीचे नाव आहे आणि फडताळापुढे दोन मापे आहेत, पहिले खोडलेले.